मापाला दिलेले ब्लाउज

मी चाळीस वर्षं बायकांची मापं ठरवली असं कुणाला सांगितलं, की पुरुष एका डोळ्याने हसतात आणि बायका पदर सावरतात. दोघांचाही गैरसमज होतो. या चाळीस वर्षांत परक्या बाईच्या अंगाला मी टेप फक्त एकदा लावली. हात इतका थरथरत होता की टेपची सेंटिमीटरची बाजू वर आली. छाती ब्याण्णव निघाली. मी ती वहीत लिहिलीसुद्धा. बाई समोरच उभ्या होत्या. त्यांनी वाचलं आणि चप्पल घातली. सुदैवाने पायात.

मी शिंपी नव्हे, कटिंग मास्तर. शिंपी एका माणसाचं माप घेतो आणि त्याच माणसाचा कपडा शिवतो. कटिंग मास्तर कधीही न पाहिलेल्या शेकडो माणसांचं कापड एकदम कापतो. दुकानात येणारी बाई कोण, कशी, काही ठाऊक नसतं. तरी तिने कपाटातून एक ब्लाउज उचलावा आणि तो तिच्यासाठीच बेतल्यासारखा अंगावर बसावा, एवढीच काय ती अपेक्षा. पंगतीच्या आमटीत एकदाच मीठ घालून सगळ्यांकडून वाहवा मिळवायची, तसलं हे काम. माझी पहिली आमटी कशी खारट झाली आणि मग कशी सुधारली, ते सांगतो.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी मिलच्या घडीखात्यात होतो. विणून आलेलं कापड माझ्यासमोरून सरकायचं आणि तुटका धागा, डाग, गाठ दिसली की मी खडूने खूण करायची. डोळा असा तयार होता की सहा फुटांवरून सुटलेला एक धागा पकडायचो. खात्यात माझ्या डोळ्याचा दरारा होता. (हे नीट लक्षात ठेवा, पुढे याच डोळ्याची शोभा झाली.) संपाचे पहिले महिने सभांत गेले, पुढचे गावी मेव्हण्याच्या जिवावर. मेव्हणा ताटात भात वाढताना मोजून वाढायला लागला तेव्हा मी मुंबईला परतलो. गिरगावात मामाचं टेलरिंगचं दुकान होतं, पुरुषांचं. त्याने मला बेतायला शिकवलं.

पुरुषांचं माप सोपं. गिऱ्हाईक आत येतं, पोट आत ओढतं आणि 'चाळीस' म्हणतं. आपण मान डोलवायची आणि बेचाळीस शिवायचा. तो खूश, आपण खूश. मला वाटलं, धंदा आला.

कुमुदताई त्या दुकानात नवऱ्याचे शर्ट टाकायला यायच्या. जवळच्याच वाडीत राहणाऱ्या, विम्याच्या कचेरीत नोकरी, बोलणं आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ. एके दिवशी शर्टाची पिशवी तशीच हातात धरून त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचे हे लेडीज टेलर लोक खोटं फार बोलतात. मंगळवारी या म्हणतात. मंगळवारी गेलं की शुक्रवार. नोकरी करणाऱ्या बाईने एका ब्लाउजसाठी चार खेपा घालायच्या कधी? शिवलेल्यासारखे बसणारे तयार ब्लाउज आणि कमीज मला काढायचे आहेत. माझं स्वतःचं लेबल. तुम्हाला लेडीज येतं का?"

"येतं," मी म्हणालो.

मामाला अचानक खोकल्याची मोठी उबळ आली. त्याने तोंडातली टाचणी गिळली नाही हे नशीब.

कुमुदताईंनी कचेरीतून बिनपगारी रजा घेतली आणि लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नऊ मशिनं आली, त्यावर नऊ बायका आल्या. सगळ्या गिरणीच्या घरातल्या. कुणाचा नवरा संपात, कुणी स्वतः गिरणीत काम केलेली. त्यांची पुढारी यमुनाबाई. सातारकडची, वाइंडिंग खात्यात वीस वर्षं काढलेली, आणि जीभ अशी की कात्रीला धार लावायची असली तर तिच्यासमोर नुसती धरावी.

पहिल्याच दिवशी कुमुदताईंनी सगळ्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "माझी रजा गणपतीपर्यंत आहे. तोवर माल लोकांनी उचलला, तर मी नोकरी सोडेन आणि हे कायम चालेल. नाही उचलला, तर मला कचेरीत परत जावं लागेल आणि या खोल्या बंद कराव्या लागतील. तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही म्हणून आधीच सांगते."

नऊ घरांत त्या वेळी दुसरा पगार नव्हता. यमुनाबाईने माझ्याकडे मान वळवली. "म्हंजी सगळं ह्यांच्या मापावर हाय म्हना की."

खरं होतं ते. तयार कपड्यात शिलाई कितीही सुबक असो, साइझ चुकला की बाई तो घडी करून परत ठेवते. साइझचा तक्ता मी करायचा होता: बत्तीस नंबरला छाती किती, कंबर किती, बाही किती, मुंढा किती. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ते भोक. शर्टात तो थोडा इकडे तिकडे चालतो. ब्लाउजात तोच जीव. पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

माप घ्यायला बायका हव्यात आणि बायकांना हात लावायची माझी छाती नाही (ब्याण्णवचा प्रसंग नुकताच घडला होता). मग मला आपल्याकडची जुनी रीत आठवली. आपल्या बायका शिंप्याला अंगाचं माप देतच नाहीत, मापाचा ब्लाउज देतात. 'हा नीट बसतो, याबरहुकूम शिवा' म्हणायचं आणि पिशवी टाकून जायचं. शिंप्याने तो टेबलावर पसरून मोजायचा. ना स्पर्श, ना संकोच. मी ठरवलं, लालबाग, परळ, नायगाव, जिथे ओळख असेल तिथून मापाचे ब्लाउज गोळा करायचे. यमुनाबाई आणि तिची फौज चाळीचाळीतून फिरली. आठवड्यात शंभराच्या वर पिशव्या जमल्या. मी घरून बायकोचाही आणला.

मी एकेक ब्लाउज पसरून मोजायला लागलो. एवढा शास्त्रोक्त माणूस लालबागने पाहिला नसेल. कानावर पेन्सिल, पुढ्यात आखलेले कागद, अर्ध्या इंचाचीही गय नाही.

यमुनाबाई दारात उभी राहून नाक वर करून हुंगत होती. "मास्तर, ह्या पिशव्या उघडल्या की डांबरगोळ्यांचा वास का येतो वो?"

"स्वच्छ बायका आहेत," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "लई स्वच्छ."

मी सगळ्या आकड्यांची सरासरी काढली, पाच नंबर पाडले, पुठ्ठ्याचे साचे कापले. नऊ मशिनं तीन आठवडे पळाली. श्रावणातल्या पहिल्या रविवारी दादरला एक हॉल घेऊन आम्ही प्रदर्शन आणि विक्री मांडली. कोपऱ्यात घालून बघायला चादरीचा आडोसा केला. बाहेर मी नवीन शर्ट घालून उभा. लग्नात मुलीचा बाप उभा असतो तसा.

बायका आल्या, आणि खूप आल्या. रंग आवडले, शिलाई आवडली. आपापला नंबर उचलून एकेक जण चादरीआड जायला लागली. मग आतून आवाज यायला लागले.

"अगं, हुक लागतच नाहीये."

"श्वास सोड ना."

"सोडलाय! आता जीव सोडू का?"

परळच्या एका हॉस्पिटलातली सिस्टर बाहेर आली. हात अंगापासून लांब धरलेले, बुजगावण्यासारखे. "मास्तर, हे घालून मी पेशंटला कशी उचलणार? पेशंटलाच मला उचलावं लागेल." हसत हसत दाखवायला म्हणून तिने हात जरा वर केला, आणि काखेतून टर्र असा आवाज आला. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

पण खरं सांगू? फाटल्याचं काही नाही, कापड आहे, फाटतं. मला लागलं ते त्यानंतरचं. सिस्टर रागावली नाही. ओशाळली. "हॉस्पिटलच्या कँटीनचं खाणं हो," ती म्हणाली. "मीच सुटलेय." दुसरी म्हणाली, "बाळंतपणानंतर माझं हे असंच झालंय." तिसरीने ब्लाउजची घडी घातली, आमच्यापेक्षा सुबक, आणि पाठ फिरवली. एकीनेही म्हटलं नाही की तुमचं माप चुकलंय. पुरुषाला शर्ट बसला नाही तर शिंपी गाढव. बाईला ब्लाउज बसला नाही तर बाई जाड. हा हिशेब त्या दिवशी मी उघड्या डोळ्यांनी पाहिला, आणि गाढव तर तिथेच नवीन शर्ट घालून उभं होतं.

उलट्या तक्रारीही होत्या. लालबागच्या आमच्याच गल्लीतल्या दोन-तीन बायकांना त्यांचा नंबर ढगळ झाला. खांद्यावरून घसरत होता. म्हणजे काहींना लहान, काहींना मोठा. मग चूक तरी कुठली धरायची?

संध्याकाळी गाठोडी जशी नेली तशी परत आली. कुमुदताई टॅक्सीत एवढंच म्हणाल्या, "गणपतीला अजून महिना आहे, मास्तर." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. पोट बिघडल्याचं कळवलं. दुपारी बायको जेवायला वाढत होती. सुलभा माझी मालवणकडची, कमी बोलते पण एकच वाक्य असं बोलते की पुढचा आठवडा त्यावर निघतो. मी सहज विचारलं, "मापाला दिलास तो ब्लाउज कधीचा गं?"

"लग्नातलो."

"लग्नातला? आता होतो तुला?"

"खय होता!"

घास तोंडातच राहिला. "अगं मग तो कशाला दिलास? नीट बसतो तो द्यायचा ना!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नुकताच बोलायला शिकलोय. "नीट बसता तो मी रोज घालतंय. तो तुमका देऊन मी काय घालू?"

मी हात न धुता उठलो.

विचार करा. संपाचे दिवस. बाईकडे अंगाला बसणारे ब्लाउज दोन, फार तर तीन. एक अंगावर, एक दोरीवर. आठवडाभर उसना द्यायला तिच्याकडे कुठला असणार? ट्रंकेतला, डांबरगोळ्यांतला, ज्यावर जीव आहे पण जो अंगात येत नाही तो. म्हणजे मी घरोघरी जाऊन, अगदी शास्त्रोक्त पद्धतीने, शंभरावर न बसणारे ब्लाउज गोळा केले होते. माझा तक्ता अर्ध्या इंचालाही चुकला नव्हता. फक्त तो दहा वर्षांपूर्वीच्या लालबागचा होता.

धावत कारखान्यात गेलो आणि राहिलेल्या पिशव्या पुन्हा उपसल्या. आता दिसायला लागलं. काही ब्लाउज कडेने उसवून मोठे केलेले होते, जुन्या शिवणीच्या जागी सुईची बारीक भोकं रांगेने दिसत होती. तेवढीही जागा संपली तेव्हा ते ट्रंकेत गेले. आणि काही ब्लाउजांत उलट होतं. मूळ शिवणीच्या आत दुसरी शिवण, तिच्या आत तिसरी. अंग आटत गेलं तशी बाई आत आत शिवत गेली होती, आणि तरीही ढगळ राहिला तो ट्रंकेत गेला. ते सगळे गिरणीच्या घरातले. कुठल्या घरात संपाने काय केलं, ते त्या टाक्यांत लिहिलेलं होतं. सहा फुटांवरून तुटका धागा पकडणाऱ्या मी ते हातात धरूनही वाचलं नव्हतं.

यमुनाबाई मागे येऊन उभी होती. तिचाही ब्लाउज त्यात होता, तीन शिवणींचा. मी तो पालथा केला.

"बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"वासाचं बोलले की. तुमी म्हनालात, स्वच्छ बायका हायेत."

कुमुदताईंना मी सगळं कबूल केलं, लेडीज येत नव्हतं तेसुद्धा. त्या म्हणाल्या, "ते मला मामांच्या खोकल्यावरूनच कळलं होतं. आता काय करायचं ते सांगा."

आता अंगावरच मापं घ्यायची. यमुनाबाई घेणार आणि मी बाहेर बसून लिहिणार, असं ठरलं. पहिल्याच चाळीत गोंधळ झाला. ती आतून ओरडली, "छाती अडतीस!" आणि आतली बाई किंचाळली, "अगं हळू! अख्ख्या मजल्याला सांगतेस काय?" मग तिने आवाज खाली आणला, तेव्हा मला 'अडतीस' आहे की 'अठ्ठावीस' कळेना. तिसऱ्या खोलीनंतर दारं लागायला लागली. 'आकडेवाली आली' असं पोरं सांगत सुटली.

यमुनाबाई व्हरांड्यात बसून कपाळ चोळत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, आकडा कशाला पायजे? मला धागा द्या."

वाइंडिंग खात्यात बायका दिवसभर काय करायच्या, तर तुटलेल्या सुताला गाठ मारायच्या. डोळ्याची पापणी लवायच्या आत, न बघता, आणि गाठ अशी की ओढली तरी सुटणार नाही. यमुनाबाईने जाड सूत घेतलं, एक टोक धरलं, बाईच्या छातीभोवती फिरवलं आणि गाठ. तिथून पुढे कंबरेभोवती, गाठ. मग दंड, मग मुंढा. शेवटी बाईला म्हणाली, "आता फळीवरचा डबा काढल्यागत हात वर कर," आणि हात वर असताना मुंढा पुन्हा घेतला, गाठ. एक बाई, एक धागा. नाव नाही, आकडा नाही, उच्चार नाही. दारं उघडली. पुढे पुढे तर बायका स्वतःच बोलवायला लागल्या, "मावशी, आमच्याकडे नाही आलात?"

संध्याकाळी ती धाग्यांचं बोचकं माझ्यापुढे टाकायची. मी टेबलावर धागे लांबीने ओळीत मांडायचो. आणि तिथे मला धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कळली, जी कुठल्या तरी कॉलेजात शिकवत असतील पण मला सुताने शिकवली. सरासरी बाई नावाची बाई कुठल्याच चाळीत राहत नाही. धागे सारख्या अंतरावर पडत नव्हते, त्यांचे पुंजके पडत होते. इथे वीस, तिथे तीस, मध्ये मोकळी जागा. गर्दी उभी आहे तिथे साइझ ठेवायचा, मधल्या रिकाम्या जागेत नाही. आणि हात वर केला की मुंढ्याला किती जागा लागते ते शेवटच्या गाठीने सांगितलं. मी शर्टाच्या सवयीने खोल मुंढा कापत होतो. मुंढा खोल असला की हात वर करताना सगळा ब्लाउज ओढला जातो. तो काखेशी वर, जवळ हवा आणि बाहीला दंडाशी मोकळीक हवी. हे अजूनही अनेकांना उलट वाटतं.

पुढे धंद्यात हे 'मास्तरांचा तक्ता' म्हणून गाजलं. गाठी कुणाच्या होत्या, ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. विचारलं कुणी नाही हे खरं, पण न विचारता सांगायला काय झालं होतं? याची रुखरुख आहे.

जुन्या मालाचं काय केलं? तो वाईट नव्हताच, त्याच्यावरचा आकडा खोटा होता. छत्तीस म्हणून शिवलेला खरं तर चौतिसाच्या बाईला बसत होता. आम्ही सगळे नंबर उसवून टाकले, बाह्या काढून, खोल मुंढ्याला काखेत कापडाची कळी भरून, दंडाशी मोकळ्या बेतून पुन्हा लावल्या, त्यांचे पुंजक्यांप्रमाणे तीनच साइझ लावले आणि मोठे दोन नव्याने कापले.

राहिला प्रश्न, नवा नंबर कुठला लिहायचा. कुमुदताई म्हणाल्या, आकडा दिसला की बायका खोटा उचलतात, दहा वर्षांपूर्वीचा. मला कल्पना सुचली. "फुलांची नावं देऊ या! जाई, जुई, मोगरा, शेवंती, झेंडू."

"छान," यमुनाबाई म्हणाली. "झेंडू कुनाला देनार? तिच्यासमोर हुबं राहून नाव घेऊन दाखवा."

शेवटी सुतानेच सोडवलं. गळ्याच्या आत मागे रंगीत धाग्याचा एक टाका: पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा. कुठला मोठा, कुठला लहान, बाहेर कळायची सोय नाही.

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी हॉल मिळाला नाही. कुमुदताईंच्या वाडीत गणपतीचा मांडव अर्धा उभा झाला होता. मंडळाच्या पोरांनी एक दिवस तो दिला. बांबूंना ब्लाउज लटकवले, ताडपत्रीआड आडोसा केला. या वेळी बाहेर मी नाही, यमुनाबाई. मला मागे, खोक्यांपाशी बसवलं होतं, आणि तोंड उघडायचं नाही अशी अट होती.

पहिली आली हिराबाई. वाडीत रोज मासे विकायला येणारी कोळीण. श्रावण असल्यामुळे धंदा थंड होता, म्हणून टोपलीशिवाय हिंडत आली होती. दंड माझ्या मांडीएवढा. "काय गो, माज्या दंडाचा हाय का तुज्याकडं? दुकानातला कंदी बसला नाय मला."

यमुनाबाईने धागा फिरवला आणि निळा दिला. हिराबाई आत गेली. कुमुदताई बांबूला धरून उभ्या होत्या. मी मनातल्या मनात टर्र ऐकायची तयारी केली.

हिराबाई बाहेर आली, इकडे तिकडे पाहिलं, आणि माझ्यासमोरचं मालाने भरलेलं खोकं एका हिसक्यात उचलून डोक्यावर ठेवलं. दोन्ही हात वर. मांडवात एक फेरी मारली. दुसरी फेरी मारली. मग एक हात सोडून कमरेवर ठेवला.

काहीही फाटलं नाही.

"मास्तर," ती डोक्यावरच्या खोक्यासकट म्हणाली, "खाली घेऊ का बाजारापर्यंत पोचवू तुजा माल?"

त्यानंतर मला बसायला मिळालं नाही. "मला पिवळा द्या." "वहिनी, तुम्हाला पण लाल? मला पण लाल!" ताडपत्रीआडून या वेळी हसण्याचे आवाज येत होते. बाहेर आलेली प्रत्येक बाई आधी हात वर करून बघायची. दुपारी बाराला मांडवात असं दृश्य होतं, की वरून कुणी पाहिलं असतं तर आरती चाललीय असं वाटलं असतं. कुणाचा तरी नवरा बायकोसाठी न्यायला आला. "साइझ?" विचारल्यावर त्याने दोन्ही हातांनी हवेत एक आकार काढला, आणि मांडवभर बायका अशा हसल्या की बिचारा बायकोलाच घेऊन यायला पळाला. आणलीही.

दोनपर्यंत बांबू रिकामे झाले. हिरव्याचे चार आणि पांढऱ्याचे दोन उरले, ते मंडळाच्या पोरांच्या आयांनी नेले.

रिकामी खोकी घेऊन आम्ही लालबागला परतलो. चहा आला. कुमुदताई मधल्या मशिनच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या मी कचेरीत जाणार आहे."

नऊच्या नऊ कप थांबले.

"राजीनामा द्यायला," त्या म्हणाल्या. मग त्या गोंगाटात आवाज चढवून, "ऐका तरी! जाताना आपलाच ब्लाउज घालून जाणार. मास्तर, माझा रंग कुठला?"

विजय माझ्या डोक्यात गेला होता. धागा न लावताच म्हणालो, "हिरवा. डोळे मिटून."

नमुन्याचे पाच ब्लाउज कारखान्यात होते. त्या हिरवा घेऊन आतल्या खोलीत गेल्या. आतून आवाज आला, "खांद्यावर ढगळ आहे." मी म्हणालो, "मग लाल." थोड्या वेळाने, "हुक लागत नाही." यमुनाबाई माझ्याकडे बघत उठली, आत गेली, आणि गाठी मारलेला धागा आणून माझ्यापुढे टाकला. मी तो टेबलावर ताणून धरला. लाल आणि हिरव्याच्या बरोबर मध्ये. पुंजक्यात नाही, मोकळ्या जागेत. तक्त्याच्या मालकिणीलाच तक्ता बसत नव्हता.

मी चाचरत सुरुवात केली, "ताई, त्याचं काय आहे, तुम्ही जराशा..."

कुमुदताई दारात आल्या. आपल्या जुन्याच ब्लाउजमध्ये, ताठ. "मी जराशी काहीही नाही, मास्तर. मी आहे तेवढी आहे. तुमच्या तक्त्यात एक रंग कमी आहे."

मग सगळा कारखाना हसायला लागला, आणि सगळ्यात मोठ्याने मी. पहिल्या रविवारी दादरच्या हॉलमधून खाली मान घालून गेलेल्या एका तरी बाईने हे मला सुनवायला हवं होतं.

मी नवा पुठ्ठा काढला. लाल आणि हिरव्याच्या मधोमध पेन्सिल टेकवली. कुणीतरी जांभळ्या धाग्याचं रीळ शोधून आणलं. मशिनं सोडून सगळ्या जणी टेबलाभोवती उभ्या राहिल्या.

"मुंढा नीट बेता वो मास्तर," यमुनाबाई म्हणाली. "उद्या त्यास्नी सायबाच्या टेबलावर कागद आपटायचाय."